३१ सप्टेंबरची सभा

आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. ३१ सप्टेंबर रोजी सकाळी १० वाजता गच्चीवर होणार असून सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे, अशी सूचना मी माझ्या सहीनिशी, शिक्क्यानिशी, बेचाळीस प्रतींत काढली आणि वॉचमनच्या हाती देऊन घरोघरी पोचवली. पहिला फोन आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त तहसीलदारांचा. त्यांनी अत्यंत अदबीने विचारलं, "सचिवसाहेब, गणसंख्येअभावी तहकूब झाली, तर मग बत्तीस तारखेला का?"

आता तुम्हाला वाटेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तसं नाही. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. तारखेचा शिक्का रोज सकाळी स्वतःच्या अंगठ्याने पुढे सरकवणारा माणूस मी; कुठल्या महिन्याचे दिवस किती, हे मला आमच्या लग्नाच्या वाढदिवसापेक्षा जास्त खात्रीने ठाऊक असतं. (हे वाक्य ही वाचणार नाही, या भरवशावर लिहितोय.) मी २८ सप्टेंबरच लिहिलं होतं. लिहून दोनदा वाचलंही होतं. त्या अठ्ठावीसचे एकतीस कसे झाले, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. चहा घ्या तोवर.

माझा भाचा हिंजवडीला आयटीत आहे. त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला आणून दिला. देताना म्हणाला, "मामा, वर्डची वर्गणी कशाला भरतोस? यात व्हीएस कोड आहे. फुकट आहे, लिहिलेलं आपोआप सेव्ह होतं. फक्त आहे तसाच वापर, कशाला हात लावू नकोस." हा व्हीएस कोड २०१५ साली आलेला, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी केलेला एडिटर. त्यात सोसायटीच्या नोटिसा लिहायच्या, म्हणजे घरच्या दोन माणसांच्या पोह्यांसाठी मांडव घालून आचारी बोलवायचा. पण फुकटचा आचारी कोण सोडतो?

'आहे तसाच वापर' हे शब्द मी ऐकले, मान हलवली आणि तो जिना उतरायच्या आत दोन गोष्टी बदलल्या. पडदा काळाकुट्ट होता, तो पांढरा केला. अक्षरं मुंगीएवढी होती, ती चोवीस आकाराची केली. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, भाच्याचं नाही.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबद्दल लिहिता लिहिता अक्षरं उमटायची बंद झाली. मी टायपिंग शिकलो ते टाइपरायटरवर, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसच्या परीक्षा देऊन, आणि त्या यंत्राचा एक मोठा गुण म्हणजे कळ दाबली की अक्षर उमटायचं. त्याला दुसरं काही सुचायचंच नाही. पुढे संगणक आला तेव्हा जुनी बोटं विसरून इन्स्क्रिप्ट शिकलो, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. दोन्ही हात कामाला लावले, तरी पडदा कोरा. मी लॅपटॉप उलटा करून झटकला. त्यातून बाकरवडीचा चुरा, चार तीळ आणि एक साबुदाणा पडला. साबुदाणा माझा नव्हता. मग जुन्या टूथब्रशने कळा घासल्या, सुक्या फडक्याने पुसल्या, पुन्हा दाबून पाहिल्या. शांतता.

शेवटी वाटलं, निदान इंग्रजी तरी चालतंय का बघू, म्हणून भाषा बदलून माझंच नाव टाकलं: एम, ए, डी, एच, ए, व्ही. माधव. सहा कळा दाबल्या आणि पडद्यावर आला एकटा शेवटचा व्ही. शिवाय आधी लिहिलेल्या मजकुरातलं एक अक्षर गायब. पण गंमत त्याच्यापुढे आहे. त्यानंतर मराठी करून लिहायला लागलो, तर सगळं सुरळीत! थोड्या वेळाने गाडी परत अडली. मी परत नाव टाकलं. एक अक्षर गेलं, एक व्ही आला, गाडी चालू. चार वेळा झालं, तेव्हा माझी खात्री पटली की या यंत्राला यजमानाचं नाव सांगावं लागतं, आणि संकल्प सोडला की ते एक अक्षर दक्षिणा घेऊन कामाला लागतं.

ही चहा घेऊन आली, तेव्हा मी ओळीने पाचव्यांदा माझं नाव टाइप करत होतो. तिने थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, विसरायला व्हायला लागलंय का तुम्हाला?"

अकरा सप्टेंबरला सूचना लिहिली. सहकारी संस्थेची वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिच्या आधी पूर्ण चौदा दिवसांची सूचना द्यायला हवी, त्यामुळे गडबड होती. मजकूर झाला. आता तो सगळा उचलून छपाईवाल्याला पाठवायचा, म्हणून सगळं निवडण्यासाठी जगात जे दाबतात ते मी दाबलं, कंट्रोल-ए. काही निळं झालं नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. बँकेतल्या यंत्रांनी मला शिकवलंय की ऐकत नसेल तर तिसऱ्यांदा जरा रागाने दाबावं, म्हणून तसं दाबलं आणि शेवटी कंटाळून माऊसने मजकूर ओढून घेतला. वाचला नाही. दोनदा वाचलेला मजकूर तिसऱ्यांदा वाचणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

तीनदा दाबलं. अठ्ठावीस अधिक तीन. आलं लक्षात?

माझ्या नव्हतं आलं. बेचाळीस प्रती पेनाने खोडून, प्रत्येक दुरुस्तीपाशी आद्याक्षरी सही करून, दुसऱ्या दिवशी मी स्वतः घरोघरी वाटल्या. वॉचमन माझ्याबरोबर यायला लाजला. मग भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मीटिंगमध्ये आहे, एक्स्टेंशन बघ," आणि फोन ठेवला. माझ्या माहितीत एक्स्टेंशन दोनच प्रकारचं: एक टेलिफोनचं आणि दुसरं साहेबांना निवृत्तीनंतर मिळायचं ते. पण शोधता शोधता डाव्या बाजूला चार चौकोनांचं एक चित्र सापडलं, ते दाबल्यावर मोठी यादी उलगडली आणि त्या यादीत, शपथेवर सांगतो, व्हिम होतं.

मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बार आहे का लिक्विड?"

दोन्ही नव्हतं. रात्री बसून सगळं वाचून काढलं तेव्हा कळलं की हा एक जुना एडिटर आहे आणि या एक्स्टेंशनमुळे नवा एडिटर त्या जुन्यासारखा वागायला लागतो, म्हणजे नव्या सुनेच्या अंगात सासूबाई येतात तसं. मूळ वडीलधारी म्हणजे 'व्हीआय'. बिल जॉय नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ते १९७६ साली बर्कलीत लिहिलं. त्यापुढचं सुधारलेलं व्हिम, ब्रॅम मोलेनार या डच माणसाचं, १९९१चं. जॉय ज्या एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर काम करायचा, त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते, म्हणून डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जायला आजही या चारच कळा. त्याच कळांवर इन्स्क्रिप्टमध्ये आपले प, र, क आणि त आहेत. म्हणजे मी मनात 'परत' म्हणून लिहायला जावं आणि यंत्राच्या लेखी ते डावीकडे, खाली, उजवीकडे असं कवायतीचं फर्मान असावं. मराठीतलं फर्मान मात्र त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून ते गप्प बसायचं. इंग्रजीतलं वाचता यायचं, म्हणून घात व्हायचा.

कारण या व्हिमचे मोड असतात. एका मोडमध्ये कळा अक्षरं लिहितात, दुसऱ्यात हुकूम सोडतात, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जायची कळ कोणती, तर एस्केप. बँकेच्या सिस्टिममध्ये काहीही चुकलं की एस्केप दाबायचं, ही माझ्या डाव्या करंगळीला लागलेली सवय. मी कपाळावरचा घाम पुसला तरी ती करंगळी मध्येच एक एस्केप दाबून येते. मग हुकुमाच्या मोडमध्ये माझं नाव टाइप केलं की त्याचा अर्थ होतो: एम-ए, इथे खूण कर, डी-एच, डावीकडचं एक अक्षर खोड, ए, आता लिहायला लाग, आणि मग तो व्ही. १९५९ साली वडिलांनी माझ्या कानात तीनदा नाव सांगितलं, तेव्हा आपण मुलाला चक्क एक प्रोग्रॅम चिकटवतोय, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नसणार.

आणि कंट्रोल-ए? त्या मोडमध्ये त्याचा अर्थ 'ओळीतल्या आकड्यात एक मिळव'. आकडे मी बँकेच्या सवयीने उजवीकडच्या नमपॅडवरून, इंग्रजीतच टाकतो. देवनागरीत टाकले असते तर त्याला ते आकडे वाटलेच नसते आणि माझी अब्रू वाचली असती. न सांगता आकड्यात एक मिळवणाऱ्याला आमच्या बँकेत घरी बसवायचे. इथे त्याला सोय म्हणतात.

त्याच रात्री मला एक माणूस भेटला, म्हणजे वाचनात. लॅरी टेस्लर. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात ज्यांनी कट-कॉपी-पेस्ट घडवलं त्यांतला हा. आयुष्यभर त्याने या मोडांविरुद्ध दावा मांडला. इतका की त्याच्या मोटारीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' असं लिहिलेलं होतं. २०२० साली गेला. मी मनोमन हात जोडले. आपल्याकडे मोड येतात ते मटकीला, आणि 'मोड नाही' हे वाक्य मी काउंटरवर बसून इतक्या लोकांना ऐकवलंय की ते मोटारीवर लिहायची माझीच जास्त पात्रता होती.

तर व्हिम काढून टाकलं. अनइन्स्टॉल. त्या रात्री मी इतका गाढ झोपलो की हिने दोनदा नाडी पाहिली.

सोमवारी अकराच्या सुमाराला लॅपटॉपचा पडदा माझ्या डोळ्यांदेखत काळा झाला, अक्षरं मुंगीएवढी झाली आणि यादीत व्हिम परत येऊन बसलं. मी पुन्हा काढलं. पडदा पांढरा केला, अक्षर चोवीस केलं. वीस मिनिटांत सगळं पुन्हा पूर्ववत. मंगळवारी तेच. गंमत म्हणजे सकाळी सहा ते दहा शांतता असायची, दुपारी जेवणाच्या वेळेला तासभर शांतता असायची, आणि संध्याकाळी सातनंतर तर नावच नको. ही म्हणाली, बाधा आहे. पण बाधा अमावास्येला येते, ऑफिसच्या वेळात येत नाही. तरी तिने लिंबू-मिरची आणून चार्जरला बांधली. मी माझ्या परीने रजिस्टर घातलं. एका जुन्या डायरीत चार रकाने आखले: तारीख, वेळ, प्रकार, केलेली कार्यवाही. 'दि. १६, ११.०५, व्हिम हजर. ११.०९, काढले. ११.३१, पुन्हा हजर. ११.३३, काढले.' पाच दिवसांत सात पानं भरली.

गुरुवारी मी डावपेच बदलला. शत्रूला हाकलायचं नाही, त्याची हत्यारं काढून घ्यायची. व्हीएस कोडमध्ये सगळ्या शॉर्टकटांची एक लांबलचक यादी असते. त्यातल्या नोंदीवर उजवी टिचकी मारून ती रद्द करता येते. रद्द केली की तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये त्या हुकुमाच्या नावामागे उणे चिन्ह लागून एक नोंद पडते, आणि एकाच कळेवर दोन नोंदी असतील तर खालची, शेवटची नोंद खरी धरतात. लेजरची शिस्त! माझ्यातला अधिकारी जागा झाला. दुपारभर बसून मी कंट्रोल-ए रद्द केलं, कंट्रोल-एफ रद्द केलं, कंट्रोल-व्ही रद्द केलं, आणि हात लागलाच आहे तर ज्यांचा अर्थ मला लागत नव्हता अशा आणखी तीस-पस्तीस नोंदींना उणे चिन्ह ठोकलं. त्यात एफ-फाइव्हची कळ मोकळी करण्यासारखी दिसली. अक्षरं सारखी बारीक होतायत ना? मग एफ-फाइव्हवर मी 'अक्षर मोठं करा' हा हुकूम बसवला. एक कळ दाबली की अक्षर वाढणार. इतका आनंद मला ऑफिसरची परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

रविवारी सर्वपित्रीचं जेवायला भाचा आला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. खिरीची वाटी समोर आणि हा गप्प. हिने खोदून विचारलं तेव्हा बांध फुटला.

"मामा, आठवडाभर माझ्या मशीनवर कोणीतरी बसलंय. व्हिम आपोआप अनइन्स्टॉल होतं. परत टाकलं की परत जातं. भर कामात स्क्रीन पांढरी होते, अक्षरं एवढाली होतात. एक्स्टेंशन बायसेक्ट केलं." हे बायसेक्ट म्हणजे निम्मी एक्स्टेंशनं बंद करायची, दोष राहिला की गेला बघायचं, मग उरलेल्यांतली निम्मी, साठ-पासष्ट असली तरी सहा-सात फेऱ्यांत चोर सापडतो. "तीनदा केलं, तर दर वेळी चोर वेगळा! सिक्युरिटी टीमकडे तिकीट टाकलंय. त्यांना वाटतंय, हॅकर आहे. आणि शुक्रवारी क्लायंटसमोर डेमो होता. प्रोग्रॅम चालवायला एफ-फाइव्ह दाबलं, तर प्रोग्रॅम चालायच्या ऐवजी अक्षरं मोठी झाली. परत दाबलं. आणखी मोठी. घाबरून पाच-सहा वेळा दाबलं. पलीकडून तो अमेरिकेतला माणूस म्हणाला, थँक यू, आता छान दिसतंय."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, अरे, तुझ्या क्षेत्रात विकृत माणसं फार. माझ्याही मागे असाच एक लागलाय. आणि त्याला धीर यावा म्हणून मोठ्या अभिमानाने माझी डायरी त्याच्यापुढे ठेवली.

त्याने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग खिशातून फोन काढला, त्यातलं तिकीट उघडलं आणि डायरीशेजारी ठेवलं. त्याच्याकडे ११.०५ला 'इन्स्टॉल केले', माझ्याकडे ११.०५ला 'व्हिम हजर'. माझ्याकडे ११.०९ला 'काढले', त्याच्याकडे ११.०९ला 'पुन्हा गायब'. बोट ठेवून ठेवून आम्ही सात पानं खाली आलो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या दोन वह्या पहिल्या फटक्यात कधी टॅली झाल्या नव्हत्या. या झाल्या.

तो न बोलता उठला, लिंबू-मिरची बाजूला करून लॅपटॉप उघडला आणि डावीकडे खाली, कोपऱ्यात, एक माणसाचं डोकं आणि खांदे असतात तिथे टिचकी मारली. मी ते डोकं रोज बघत होतो. मला वाटायचं, माझं आहे. त्याखाली त्याचं नाव होतं. तो जुन्या लॅपटॉपमधून कधी बाहेर पडलाच नव्हता, आणि सेटिंग्ज सिंक नावाची एक सोय चालू होती, जिच्यामुळे एका मशीनवर टाकलेलं दुसऱ्यावर उगवतं, एकावर काढलेलं दुसऱ्यावरूनही जातं, रंग, आकार, शॉर्टकट, सगळं सगळं. हिंजवडीतून तो चादर ओढत होता, बिबवेवाडीतून मी ओढत होतो, आणि दोघंही समजत होतो की मध्ये भूत झोपलंय.

हॅकर खिरीची वाटी हातात घेऊन उभा होता.

त्याने माझ्याकडून स्वतःला लॉग आउट केलं, माझी उणे चिन्हं एकेक करून पुसली आणि जाताना वडे डब्यात बांधून नेले, यावरून राग गेला असावा. सोमवारी तिकीट बंद झालं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंस, असं मी भीतभीत विचारलं. म्हणाला, "कौटुंबिक कारणास्तव."

मी आता नोटपॅडवर लिहितो. त्यात एक्स्टेंशनं नाहीत, मोड नाहीत, एस्केप दाबलं तर काही होत नाही. सभेचा वार्षिक अहवालही त्यातच लिहिला, चार पानांचा, रात्री एका बैठकीत, आणि सत्तावीसला संध्याकाळी प्रती वाटल्या. अठ्ठावीसला गच्चीवर गणसंख्या भरली, समोसे आले, अध्यक्षांनी अहवालावर चर्चा सुरू करा म्हटलं आणि निवृत्त तहसीलदार चष्मा सारखा करत उठले.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "अहवालात प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला इंग्रजीत 'माधव' असं का लिहिलंय?"

मी प्रत पाहिली. टाकीची दुरुस्ती: माधव. लिफ्टची देखभाल: माधव. थकबाकीदारांची यादी, तिच्याही डोक्यावर: माधव. परिच्छेद सुरू करण्याआधी यंत्राला नाव सांगायची सवय बोटांत राहून गेली होती, आणि नोटपॅड बिचारं जे दिलं ते सगळं छापत गेलं होतं. खुलासा करायला मी उठलो. पण खरा खुलासा करायचा तर १९७६ सालच्या बर्कलीपासून सुरुवात करायला हवी होती, आणि समोसे निवत होते. मी उगाच पाणी प्यायलो आणि मदतीसाठी तिसऱ्या रांगेत बसलेल्या हिच्याकडे पाहिलं. ही तळमजल्यावरच्या काकूंच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती, आणि काकू माझ्याकडे फार मायेने बघत होत्या.